आधी सावरणं, मग घसरणं

चंडीगड आखताना एक सेक्टर साधारण 800 मीटर रुंद आणि 1200 मीटर लांब धरला गेला. ल कॉर्ब्युझिएने रस्त्यांचे सात वर्ग पाडले. त्यातले 'व्ही 3' हे सेक्टरांच्या कडेने धावणारे जलद रस्ते. त्यांच्यावर घरांची दारं उघडू द्यायची नाहीत, अशी मूळ योजना. त्यामुळे रात्री अकरानंतर इथे सरळ, रुंद, रिकामा रस्ता मिळतो आणि त्याच्या टोकाला भलं मोठं सर्कल. पुण्या-ठाण्याच्या गर्दीत गाडी शिकलेला मराठी मुलगा नोकरीला किंवा शिकायला इथे आला की त्याचे हात शिवशिवतात. त्यात संध्याकाळी सेक्टर 8 ते 11 च्या बाजूला गाडीतून उगाच चकरा मारायची इथली जुनी रीत. तिला पंजाबीत 'गेडी' म्हणतात. गेडीत कुणाची तरी गाडी मागून सरकते, टायर किंचाळतात, कुणीतरी मोबाइलवर ते टिपतं, आणि 'हे आपल्यालाही जमलं पाहिजे' असं मनात येतं.

हा लेख त्या मुलासाठी आणि मुलीसाठी आहे. ड्रिफ्टिंग शिकू नका, असं मी म्हणणार नाही. मागच्या चाकांवर चालणारी गाडी मुद्दाम घसरवणं आणि घसरत असतानाच हवी तिकडे नेणं ही खरी विद्या आहे, आणि ती ज्याला येते तो पावसाळ्यात परवाणूच्या घाटात इतरांपेक्षा शहाणपणाने गाडी चालवतो. मात्र ती सर्कलवर शिकता येत नाही. त्याचं कारण पोलिसांच्याही आधी सर्कलच्या सिमेंटच्या कडेत आहे.

आडवी घसरणारी गाडी कशालाही न अडता थांबली, तर बहुतेक वेळा काही होत नाही. रबराचा वास येतो, काळीज धडधडतं, एवढंच. पण तीच गाडी आडवी सरकत असताना तिचं चाक त्या कडेला आदळलं, तर खालचा भाग जागीच अडतो आणि वरचा भाग पुढे जात राहतो. सपाट जमिनीवर सहसा न उलटणारी गाडी अशा वेळी उलटते. कडेपलीकडे झाडं आणि दिव्याचे खांब असतात. पहाटे त्याच सर्कलवरून दूधवाला, पेपरवाला आणि सायकलवर कामाला निघालेला मजूर जात असतो. त्या माणसाला तुमच्या सरावाची काहीच कल्पना नसते.

आपल्या आधीच्या पिढीला मागच्या चाकांची सवय होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे पद्मिनी, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देई. अँबेसिडर तशीच, कॉन्टेसाही तशीच. पावसात वळणावर एकदम रेस द्यायची नाही, हे त्या काळच्या चालकाला वेगळं शिकवावं लागत नसे; गाडीच शिकवी. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, ती पुढच्या चाकांवर चालणारी. त्यानंतर घराघरातली गाडी हळूहळू पुढच्या चाकांची झाली, आणि शेपूट सरकल्याची जाणीव बोटांतून आणि कमरेतून गेली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी निवृत्त झाली. आज चाळिशीच्या आतला बहुतेक चालक पुढच्या चाकांच्या सवयी घेऊनच मागच्या चाकांच्या गाडीत बसतो.

त्यातली सगळ्यात घातक सवय म्हणजे घाबरल्यावर रेस एकदम सोडणं. पुढच्या चाकांची गाडी वळणावर बाहेर जायला लागली की रेस सोडल्यावर ती बहुधा जागेवर येते. मागच्या चाकांच्या गाडीत पाय एकदम उचलला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट अजून बाहेर जातं. गाडी आधीच घसरत असेल आणि स्टेअरिंग उलटं धरलेलं असेल, तर गंमत वेगळीच होते. मागच्या टायरना अचानक पकड मिळते आणि गाडी दुसऱ्या बाजूला झेप घेते. ही दुसरी झेप पहिलीपेक्षा जोरात येते, आणि चालक फसतो तो बहुतेक वेळा तिच्यातच. म्हणून पायाला पहिला धडा हाच द्यायचा: सोडायचं असेल तर हळूहळू, जसं दुधाखालचा गॅस बारीक करतो तसं.

टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. त्या जागेत जेवढी पकड आहे तेवढीच गाडी वळवायला, पळवायला आणि थांबवायला वापरायची. ती पकड एक रुपया समजा. वळण्यात ऐंशी पैसे गेले तर पळवायला वीसच उरतात असं वाटेल. प्रत्यक्षात साठ उरतात, कारण वळण्याचा जोर आणि पळण्याचा जोर एकमेकांना काटकोनात असतात आणि हिशेब शाळेतल्या पायथागोरसच्या त्रिकोणाचा असतो. पण वळण्यात पंच्याण्णव पैसे गेले की उरतात जेमतेम एकतीस. म्हणजे सुरुवातीला टायर बरंच सहन करतो आणि शेवटी अचानक हात टेकतो. नवशिक्याला 'काही कळायच्या आत गाडी फिरली' असं वाटतं, ते यामुळे. ड्रिफ्टिंगमध्ये आपण मागच्या चाकांचा रुपया जाणूनबुजून ओलांडतो आणि पुढच्या चाकांचा राखून ठेवतो, कारण दिशा देणारी तीच असतात.

ही विद्या जपानमध्ये घडली. मोटरसायकलवरून मोटारींच्या शर्यतीत आलेले कुनिमित्सू ताकाहाशी 1970 च्या दशकात वळणावर गाडी आडवी घालत. ते पाहून केइची त्सुचिया डोंगरी रस्त्यांवर तेच करू लागले, आणि त्यांच्यामुळे टोयोटाची साधी, हलकी 'एई86' जगभर पोचली. तरी हा खेळ वाढला तो बंद ट्रॅकवर आल्यावरच, जेव्हा परीक्षक, सुरक्षा आणि नियम आले. आपण डोंगरी रस्त्याचा टप्पा वगळून थेट ट्रॅकपासून सुरुवात करू शकतो, ही आपल्याला मिळालेली मोठी सोय आहे.

मग शिकायचं कुठे? सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाशी संलग्न असलेल्या क्लबच्या ऑटोक्रॉस किंवा जिमखाना स्पर्धा. या मोकळ्या मैदानावर शंकू मांडून, एका वेळी एकच गाडी सोडून घेतात. चंडीगड आणि शिमल्याच्या पट्ट्यात रॅलीची जुनी परंपरा आहे. 1999 साली सुरू झालेल्या रेड द हिमालयामुळे ती पक्की झाली. त्यामुळे खडीवर आणि मातीवर गाडी सरकवत नेणारे अनुभवी चालक या भागात भेटतात. त्यांच्याकडून शिका, कारण कुठे थांबायचं हे त्यांना कळतं. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅलीत उतरले, 2025 च्या डकार क्लासिकमध्येही धावले. रॅलीतला मराठी माणूस म्हणून त्यांचं नाव ठाऊक असावं. खरा ट्रॅक हवा असेल तर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आहे, दक्षिणेत कोइमतूरचा कारी स्पीडवे आणि चेन्नईजवळचं मद्रास सर्किट आहे. तिथे वेळ भाड्याने मिळण्याचे दिवस ठरलेले असतात. एकट्याने विचारण्यापेक्षा क्लबच्या गटातून विचारलं तर परवडतं.

खासगी जमीन मिळाली तर उत्तम, पण मालकाची परवानगी लेखी घ्या. पंजाबातल्या दाणा मंड्यांची फरशी घातलेली आवारं गव्हाचा आणि भाताचा हंगाम सोडून ओस असतात आणि फार मोह घालतात. सेक्टर 34 चं प्रदर्शन मैदान तसंच, मॉलचं रिकामं पार्किंग तसंच. पण मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे जिथे जायचा लोकांना हक्क आहे अशी कुठलीही जागा. ती रस्ता असलीच पाहिजे असं नाही. तिथे धोकादायक चालवण्यासाठी कलम 184 आणि परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी घेण्यासाठी कलम 189 लागतं. गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात असेल तर कलम 199 अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106, पाच वर्षांपर्यंत. आणि विम्याच्या कागदावरच्या बारीक अक्षरांत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, हे निघण्याआधी स्वतः वाचा.

मैदान किती मोठं हवं, हा प्रश्न अंदाजाने सोडवू नका. कोरड्या डांबरावर 10 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात गाडी साधारण ताशी 32 किलोमीटरला सरकायला लागते. तीच जमीन ओली केली, पकड निम्म्यावर आणली, तर 22-23 किलोमीटरलाच सरकते. वेग कमी झाला की गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे इथे बरोबर निम्मी. पाण्याच्या एका टँकरने तुम्ही अपघाताचा जोर अर्धा केलात. उलट, सर्कलवर ताशी 60 ने शिरणाऱ्याकडे ओल्या मैदानावरच्या विद्यार्थ्याच्या सातपट ऊर्जा असते. आता मोकळी जागा: ओल्या जमिनीवर ताशी 50 ने सुटलेली गाडी थांबायला साधारण 25 मीटर खाते. म्हणून वर्तुळाभोवती सगळीकडून निदान 30 मीटर रिकामं हवं. एकूण 80 मीटर लांब-रुंद सपाट जागा, ज्यात खांब, झाड, गटार किंवा सिमेंटची कड नाही. याहून लहान जागेत करायचं असेल तर मी करू नका असंच सांगेन.

गाडीची निवडही तितकीच महत्त्वाची. इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ, बोलेरो, थार, ईको या सगळ्यांची मागची चाकं चालतात, पण त्या उंच आहेत. त्यांचं वजन वर आहे आणि त्या उलटतात. घरात आहे म्हणून फॉर्च्युनर मैदानावर नेऊ नका. महिंद्राची बीई 6 सारखी नवी विजेवरची गाडी मागच्या मोटरवर चालते, पण बॅटरीमुळे ती जड आहे आणि तिची ताकद पायाखाली क्षणात येते. नवशिक्याला हे दोन्ही नको. बुटकी, मॅन्युअल गियरची, हाताने ओढायचा हँडब्रेक असलेली जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज किंवा तिच्यासारखी सेडान सगळ्यात बरी. बटणाचा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक या कामाचा नाही. चालत्या गाडीत तो धरून ठेवला तर बहुतेक गाड्या तातडीचा ब्रेक समजून सरळ थांबायला बघतात. साध्या डिफरन्शियलची गाडी कोरड्या रस्त्यावर आतलं एकच चाक जाळते आणि आडवी होत नाही. ओल्या जमिनीवर मात्र तिच्यावर शिकता येतं. गॅरेजवाला डिफरन्शियल वेल्डिंग करून देतो म्हणाला तर नको म्हणा. वळताना आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळं अंतर कापावं लागतं. ती सोय मारलेली गाडी रोजच्या रस्त्यावर चालवायची नसते.

मागे जुने टायर लावा, पण जुने म्हणजे खराब नव्हे. बाजूच्या भिंतीवर कट किंवा फुगा असेल तर तो टायर परत करा. भिंतीवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. फार जुनं रबर टणक होतं आणि तुकड्यांनी सुटतं. चाकांचे नट पान्याने घट्ट करा. डिकी, डॅशबोर्ड, सीटखालचं सगळं रिकामं करा. घसरत्या गाडीत पाण्याची स्टीलची बाटली दगडासारखी उडते आणि पेडलखाली गेली तर ब्रेक दाबता येत नाही. हेल्मेट मोटारींच्या शर्यतीसाठी प्रमाणित केलेलं हवं, स्नेल 'एसए' शिक्क्याचं. त्याचं अस्तर आग सहन करतं, मोटरसायकलच्या हेल्मेटचं तसं नसतं. काचा वर ठेवा, म्हणजे गाडी कलंडली तरी हात बाहेर जाणार नाही. गाडीत शिकवणाऱ्याशिवाय कुणी नको. मित्र, भाऊ, मैत्रीण, लहान मूल, कुणीही नाही. बाहेर एक माणूस शिट्टी आणि अग्निशामक घेऊन उभा हवा. त्याला 112 आणि 108 पाठ असावेत, आणि पीजीआय किंवा सेक्टर 32 चं सरकारी रुग्णालय यांपैकी जवळचं कुठलं, हे सकाळीच ठरलेलं असावं. बघणारे लोक मोकळ्या जागेच्या पलीकडे, एकाच बाजूला.

ऋतूही पाहा. मे महिन्यात चंडीगडचं ऊन चाळिशीपार जातं, तेव्हा इंजिन आणि क्लच लवकर तापतात. सराव सकाळी सातला. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात सराव नाहीच, आणि ऊन पडल्यावरही पहिली दहा मिनिटं टायर थंड असतात, त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता प्रत्यक्ष गाडीत. पाठ सीटला चिकटवून बसा. हात सरळ केल्यावर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इथेच, या मैदानावरच बंद करायची. काही गाड्यांत बटण एकदा दाबल्यावर ती अर्धीच बंद होते. पूर्ण बंद करायला बराच वेळ दाबून धरावं लागतं. गाडीचं पुस्तक वाचा.

पहिला अर्धा तास ड्रिफ्ट करायचाच नाही. एक शंकू मध्ये ठेवा, त्याच्याभोवती हळूहळू गोल फिरा, वेग थोडा थोडा वाढवा. आधी पुढची चाकं बाहेर जायला लागतील. स्टेअरिंग जड असल्यासारखं न वाटता उलट हलकं, पोकळ वाटेल. तेव्हा रेस थोडी कमी करा, स्टेअरिंगही थोडं सोडा. ही जाणीव दहा वेळा घ्या. मग त्याच वर्तुळात एकदा रेस थोडी जास्त द्या. शेपूट बाहेर जाईल. गाडी डावीकडे वळतेय, शेपूट उजवीकडे सुटलंय, तर स्टेअरिंग उजवीकडे. खरं तर ते जबरदस्तीने फिरवावं लागत नाही. पुढच्या चाकांची रचनाच अशी असते की गाडी सरकली की ती आपोआप जायच्या दिशेला वळतात. बोटं सैल ठेवून स्टेअरिंग हातातून फिरू द्या आणि योग्य जागी धरा. नवशिके स्टेअरिंग गच्च धरतात आणि तिथेच घोटाळा होतो.

शेपूट परत यायला लागलं की, ते पूर्ण सरळ होण्याआधीच स्टेअरिंग सरळ करायला सुरुवात करा. वर सांगितलेली दुसरी झेप यानेच टळते, आणि ज्याला हे वेळेवर जमतं त्याला निम्मं ड्रिफ्टिंग आलं, असं मी मानतो. नजर शंकूवर किंवा गाडी जिथे सरकतेय तिथे नको. जायचं आहे तिथे हवी, मान वळवून, गरज पडली तर बाजूच्या काचेतून. हात नजरेमागून जातात. आणि गाडी पूर्ण फिरलीच, तर दोन्ही पाय खाली: क्लच आणि ब्रेक. चाकं थांबली की गाडी साधारण सरळ रेषेत सरकत थांबते, इंजिन बंद पडत नाही, आणि मोकळी जागा 30 मीटरची का ठेवली ते तेव्हा कळतं. दोन पायांची ही हालचाल गाडी चालू असताना विचार न करता झाली पाहिजे; म्हणून ती उभ्या गाडीत पंचवीस वेळा करून बघा.

हे सगळं सावरणं हातात बसलं की मग शंकूभोवती सलग फिरत राहणं, ज्याला डोनट म्हणतात. पहिल्या किंवा दुसऱ्या गियरमध्ये, कोन रेसने सांभाळायचा: रेस जास्त, शेपूट बाहेर, रेस कमी, शेपूट आत. डाव्या बाजूला जमलं की उजव्या बाजूला नव्याने शिकावं लागतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मग दोन शंकू आणि इंग्रजी आठचा आकडा. एका वर्तुळातून दुसऱ्यात जाताना रेस क्षणभर सोडा, गाडीचं वजन पलीकडे झुकू द्या, स्टेअरिंग स्वतःहून उलट्या बाजूला जाईल, ते तिथे पकडा आणि पुन्हा रेस द्या. या आठाला वेळ लागतो, कित्येक दिवस लागतात. हँडब्रेक ओढून वळणात शिरणं त्यानंतर, आणि क्लच झटकून मागची चाकं सोडवणं त्याच्याही नंतर, शिकवणारा शेजारी असतानाच. घरी स्टेअरिंग आणि पेडल जोडून अ‍ॅसेटो कोर्सासारखा सिम्युलेटर खेळलात तर हातांना उलट फिरवायची सवय लवकर लागते. कमरेला कळणारी जाणीव मात्र गाडीतच मिळते.

एका वेळी दहा मिनिटंच फिरा. मग उतरा, पाणी प्या, टायरला हात लावून बघा, क्लचचा जळका वास येतोय का ते पाहा, कूलंटचा काटा बघा, नट पुन्हा तपासा. दमलेला माणूस आधी नजर खाली आणतो आणि मग हात गच्च करतो. हे दिसलं की शिकवणाऱ्याने त्या दिवसाचा सराव थांबवावा, विद्यार्थ्याने कितीही विनवलं तरी. दिवसाच्या शेवटी मागच्या टायरची हवा गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्यावर आणा, घासून तारा दिसू लागलेला टायर तिथेच बदला, आणि फाटकातून बाहेर पडण्याआधी स्थिरता यंत्रणेचं बटण दाबून डॅशबोर्डवरचा दिवा विझला का ते बघा. मग अर्धा तास सावलीत बसा. घरी जाताना वाटेत पहिलं सर्कल येईल, तेव्हा पाय अजून मैदानाच्या लयीत असतो.